डबा कोणत्या बोटीनं न्यायचा

सव्हाना, २६ जून

ल्युसिल,

मी तुला माफ केलं म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. तसा गैरसमज करून घेऊ नकोस. हे कामाचं पत्र आहे. फोन करणार नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, आणि माझ्या वयाच्या बाईनं कुणाच्या फोन ठेवण्याची वाट बघत बसू नये.

आई गेल्यापासूनचे दोन्ही ऑगस्ट कोरडे गेले. बाबा गेले त्या तारखेला त्यांच्या जेवणाचा डबा नदीला जायचा, तो गेला नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, तू बाल्टिमोरहून येशील. चर्चच्या हॉलमधून, आईच्या अंत्यविधीचं जेवण अर्धवट टाकून, तू तो डबा काखेत मारून निघून गेलीस. निदान वर्षातून एकदा त्याला घेऊन येशील एवढी अपेक्षा करणं काही गुन्हा नव्हता. तू आली नाहीस.

गेल्या वर्षी मीच गेले. तुला हे सांगणार नव्हते. लाल भात केला, मासा तळला, मक्याचा पाव भाजला. डबा तुझ्याकडे, म्हणून चिनीमातीच्या बशीत वाढलं, वर रुमाल झाकला आणि चौदा तारखेला जुन्या धक्क्यावर गेले. आई तुला घेऊन ज्या पायऱ्या उतरायची त्या आता हॉटेलच्या मालकीच्या आहेत. तिथं फाटक आहे. फाटकाशी एक जाडगेला गणवेशातला माणूस आहे.

"मॅडम, हा भाग फक्त पाहुण्यांसाठी आहे."

"मी पाहुणी नाही. माझे वडील इथं वारले."

"त्यासाठी तुम्हाला मॅनेजरशी बोलावं लागेल."

"का? मॅनेजर त्यांना ओळखत होते?"

तो हसला नाही. पलीकडे एक बाई आंघोळीच्या झग्यात लिंबूपाणी पीत होती. माल चढवताना दोर तुटला आणि ओझं बाबांवर आलं, जहाज आणि धक्क्याच्या मधल्या त्या फटीत बाबा गेले, त्या जागेवर बरोबर तिची आरामखुर्ची होती. मी बशी घेऊन घरी परत आले. तो भात शेजारच्या युला मेच्या मांजरांनी खाल्ला. बाबांचा भात, ल्युसिल. मांजरांनी.

म्हणून या वर्षी मी ठरवलंय. काठ आपला राहिला नसेल तर राहू दे. नदी अजून कुणी विकत घेतलेली नाही. सफरीच्या बोटीचं तिकीट काढलं की कठडा मिळतो, कठड्याखाली पाणी मिळतं आणि अंगावर कुणी येत नाही. ती लाल-पांढरी, मागं चाक असलेली बोट माहीत आहेच तुला. तिच्या चार सफरी आहेत: दुपारची, रविवारी सकाळच्या जेवणाची, शनिवारी रात्री नाचाची आणि सोमवारी भजनांची. मी त्यातली एक निवडणार आहे. निवडण्याआधी बघणार आहे, कारण मी छापील कागदावर विश्वास ठेवत नाही.

तुझ्याकडून फक्त एकच हवंय. तो डबा पाठव. पोस्टानं पाठवलास तरी चालेल, चेपू देऊ नकोस.

बर्निस

*

९ जुलै

ल्युसिल,

उत्तर नाही. ठीक आहे. तरी मी कळवणार. एकदा पत्र सुरू केलं की मधे सोडू नये असं कॅथलिक शाळेत सिस्टरांनी शिकवलंय.

दुपारची बोट बघितली. युला मे बरोबर आली, कारण तिला वाटलं जेवण असेल. जेवण नव्हतं. त्याऐवजी भोंगा होता. एक गृहस्थ भोंग्यातून नदीचा इतिहास सांगतात. "या धक्क्यावर जगभरातून जहाजं येत आणि इथून कापूस जगभर जाई." कापूस बहुधा स्वतःच्या पायांनी चालत यायचा, स्वतःच उड्या मारून जहाजात बसायचा. एकाही माणसाचा उल्लेख नाही. मी उतरताना त्यांना विचारलं, "मिस्टर, तो कापूस कुणी उचलला?" म्हणाले, "मॅडम, वेळ कमी असतो." काठावरच्या, जहाजांना हात करणाऱ्या मुलीच्या पुतळ्याला मात्र वेळ होता. तिला सगळ्यांनी हात केले. युला मेनंसुद्धा.

"तू का केलास?" मी विचारलं.

"ती करतेय तर आपणही करावा. माणुसकी आहे, बर्निस."

"ती ब्राँझची आहे."

"म्हणून काय झालं? हात दुखत असेल बिचारीचा."

पण मुद्दा वेगळा आहे. उघडा कठडा फक्त वरच्या मजल्यावर, आणि तो फार उंच आहे. मी चाचणीसाठी घरून एक बिस्किट नेलं होतं. हॉटेलसमोर आल्यावर खाली टाकलं. मला वाटलं, जाईल समुद्राकडे शांतपणे. ते उलटं वर, बंदराकडे, धावत सुटलं, कुत्र्यानं पाठलाग केल्यासारखं, आणि पुलाच्या आधीच एका सीगलनं ते उचललं. भरती होती. जन्म या नदीकाठी गेला माझा, आणि बिस्किट टाकताना भरतीचा विचार आला नाही.

मग रविवारची बोट. चर्चातल्या मिस्साहून थेट गेलो. खालचा मजला सगळा जेवणाच्या टेबलांनी भरलेला, काचा बंद, थंडगार, आणि गाणारा माणूस असा की ऑम्लेट घशाखाली उतरेना. युला मेच्या उतरलं. तिनं माझंही खाल्लं. काच उघडते का विचारलं तर वाढपी म्हणाला, "बाहेर फार उकडतं, मॅडम." हे मला सांगतोय. सव्हानात. जुलैत.

दोन्ही बोटी रद्द. नाचाची उरली, आणि भजनांची. भजनांच्या बोटीत मी पाय ठेवणार नाही. देवाचं नाव घ्यायचं आणि मधेच विचारायचं की झिंगे तळलेले हवेत का उकडलेले? सिस्टर बर्नार्डा ऐकत्या तर त्यांनी गुडघ्यांवर बसवलं असतं सगळ्या बोटीला.

डबा?

बर्निस

*

१८ जुलै

ल्युसिल,

तुझं कार्ड मिळालं. पुढं खेकड्याचं चित्र, मागं तीन शब्द: "बोट सोडून काहीही." दोन वर्षांनी तीन शब्द. आईनं तुला काटकसर शिकवली म्हणायची.

बोट सोडून काय, ते तरी सांग. पोहत जाऊ का? पुलावरून टाकू? पुलावर गाडी थांबवली तर पोलीस येतात, आणि माझ्या वयाच्या बाईला पुलाच्या कठड्यावर वाकलेलं बघून ते भलताच अर्थ काढतील. काठ हॉटेलवाल्यांनी घेतला, दुकानांनी घेतला, उरलेल्यावर गाड्या उभ्या आहेत. बोटच उरते. तुला बोट का नको ते मला कळत नाही आणि तू सांगतही नाहीस. लहानपणापासून तुझी हीच सवय. नको म्हणायचं आणि कारण पोटात ठेवायचं.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. हॉलमध्ये सगळ्यांसमोर म्हणालीसच की: "तुला काय करायचाय डबा, ताई? तू तर याला अंधश्रद्धा म्हणायचीस." म्हणायचे. शाळेत जे शिकवलं ते म्हणायचे. पण मी मेलेल्यांच्या नावानं मिस्सा म्हणवून घेते, मेणबत्ती लावते, नोव्हेंबरात थडग्यावर फुलं ठेवते. मेलेला माणूस मेणबत्ती घेत असेल तर भात का घेणार नाही? बाबांना मेणबत्त्या कधीच आवडल्या नाहीत. भात आवडायचा. एवढा विचार करायला मला एवढं आयुष्य लागलं, पण केला की नाही?

आणि थोरली मी आहे. आईनं दर ऑगस्टला तुला नेलं, मला कधी विचारलंही नाही. मी आलेच नसते, ते वेगळं. विचारायला हवं होतं.

आता शनिवारची नाचाची बोट. तिथं चार वेगवेगळ्या होऊ घातलेल्या नवऱ्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर कागदी मुकुट आणि मागं मैत्रिणींचा कळप. खालच्या मजल्याला बाजूनं उघडा कठडा आहे, पाण्याच्या अगदी जवळ, म्हणून मी आशेनं तिथं उभी राहिले. एकीनं माझ्या गळ्यात मण्यांची माळ घातली आणि विचारलं, "आजी, लग्नाच्या रात्रीबद्दल काही सल्ला?"

मी म्हणाले, "झोपून घे, बाळ. पुढं मिळत नाही."

सगळ्या इतक्या खिदळल्या की त्यांनी मला नाचायला ओढलं. युला मे नाचली. मी कठडा धरून ठेवला. पण अशा गर्दीत डबा दोरीनं खाली सोडणार कसा? कुणीतरी त्याचा फोटो काढेल. हीपण रद्द.

डबा दोरीनं सोडायचा एवढंच मला माहीत आहे, जसे जहाजाच्या पोटात काम करणाऱ्यांना वरून डबे सोडायचे तसा. भात पाण्यात कलता करायचा, रिकामा डबा वर ओढायचा. आई एकदा बोलता बोलता बोलून गेली होती. बाकी काही मला माहीत नाही. कधी सोडायचा? काही म्हणायचं असतं का? हे तुझ्याखेरीज जिवंत कुणालाच माहीत नाही. तू सांगणार नसशील तर मी माझ्या मनानं करीन आणि चुकीचं करीन, आणि ती चूक तुझ्या खाती जाईल.

बर्निस

*

२५ जुलै

ल्युसिल,

दुसरं कार्ड. पुन्हा खेकडा. "पाणी थांबतं तेव्हाच. भरती पुरी झाली की ओहोटी लागायच्या आत. बोट नको." प्रगती आहे. या वेगानं नाताळपर्यंत एक पूर्ण परिच्छेद होईल.

पण उपयोगाचं सांगितलंस. मला माझं बिस्किट आठवलं. अर्थातच. वाहत्या पाण्यात टाकलं तर भात बंदरात जायचा, नाहीतर समुद्रात. पाणी थांबलं की जागच्या जागी खाली जातो. आईला हे कुणी शिकवलं नसेल. तिनं दोन-तीनदा भात वाहून जाताना बघितला असेल, बस.

मी वर्तमानपत्रातलं भरतीचं कोष्टक काढलं. चौदा ऑगस्टला पाणी थांबतं ते संध्याकाळी, उजेड जायच्या जरा आधी. आणि तो सोमवार आहे.

हसू नकोस. सोमवारी फक्त एकच बोट सुटते.

काल मी भजनांच्या बोटीवर गेले. सांगितल्याप्रमाणे झिंगे होते, तळलेले. माणसं थोडी होती, बहुतेक मॅकनहून आलेला एक बाप्टिस्ट मंडळींचा जथा, सगळ्यांचे एकसारखे जांभळे सदरे. गाणारी मुलगी तिशीची असेल. उभी राहिली, कुठलंही वाद्य न घेता जुनं गाणं सुरू केलं, एक ओळ ती म्हणणार आणि पुढची सगळ्यांनी ओढत, हळू, जशी तुझ्या चर्चात म्हणतात तशी. माझा पाय हलत होता असं युला मे सांगत सुटलीय. खोटं आहे. इंजिन हलत होतं.

नंतर मी खालच्या कठड्यावर गेले. तिथं मोकळं होतं, सगळे आत गात होते. खलाशांचा मुकादम दोर गुंडाळत होता, मिस्टर ग्रोव्हर नावाचा, पांढऱ्या मिशांचा.

"मिस्टर ग्रोव्हर, चौदा ऑगस्टला संध्याकाळी भरती पुरी होते तेव्हा तुमची बोट कुठं असेल?"

"त्या सोमवारी? संध्याकाळची भरती असली की हॉटेलासमोर, मॅडम. भरतीच्या पाण्यावर मोठी जहाजं आत येतात ना. त्यांना वाट द्यायला आम्ही कडेला सरकून उभे राहतो. लोक कुरकुरतात. बोट बंद पडली का विचारतात."

हॉटेलासमोर. उभी. ल्युसिल, बाबांच्या जागेसमोर.

"आणि समजा एखाद्या बाईला दोरीनं एक डबा पाण्यापर्यंत सोडायचा असेल?"

"बोटीवरून काहीही पाण्यात टाकायला बंदी आहे, मॅडम."

"टाकायचं नाही. सोडायचं आहे. डबा परत येणार."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हॉटेलकडे. "डब्यात काय?"

"भात. मासा."

"कुणाचं माणूस?"

"वडील."

त्यानं दोराचा शेवटचा वेढा घातला. मग म्हणाला, "बंदी आहे ती आहे, मॅडम. पण मोठं जहाज जातं तेव्हा मला पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागतं. या बाजूचं मला काही दिसत नाही."

तेव्हा बोट ठरली. भजनांची, सोमवारची. मला आवडते म्हणून नाही. नदीचं वेळापत्रक तिच्याशीच जुळतं म्हणून. मी दोन तिकिटं घेतली आहेत. युला मेला वाटतंय दुसरं तिचं आहे.

तू दोन कार्डांवर दोनदा "बोट नको" लिहिलंस. तिसऱ्यांदा लिहिणार असशील तर कारणासकट लिही. कारण नसेल तर डबा पाठव. मी थांबणार नाही, ल्युसिल. तुझ्यासह किंवा तुझ्याशिवाय, या वर्षी बाबा जेवणार.

बर्निस

*

१ ऑगस्ट

ल्युसिल,

काल तू स्वतः फोन केलास, तू बोललीस आणि मी काही बोलले नाही. मी युला मेला हे सांगितलं तर म्हणते, बर्निस गप्प बसली म्हणजे डॉक्टरला बोलवायला हवं होतं. मी गप्प होते कारण काही मूर्खासारखं बोलून जाईन अशी भीती होती. लिहिताना माणूस खोडू शकतो. म्हणून आता उत्तर देते.

तू म्हणालीस, "ताई, त्या दिवशी डबा मी उशिरा नेला."

तू नऊ वर्षांची होतीस. मी शाळेच्या चॅपेलमध्ये दुपारची प्रार्थना म्हणत होते, स्वच्छ पांढरे मोजे घालून. डबा पोचवणं तुझं काम होतं. आणि तू म्हणालीस, त्या दुपारी परगावची सफरीची बोट आली होती, वाफेवर वाजणाऱ्या वाद्याची, वरच्या मजल्यावर गोरी माणसं नाचत होती, बायकांचे घेर फिरत होते, आणि आपल्याला, काळ्या माणसांना, तिथं फळीवरून चढायचीसुद्धा परवानगी नव्हती, म्हणून तू आडव्या बांधलेल्या दोराच्या अलीकडे उभी राहून बघत राहिलीस. एक गाणं. मग आणखी एक. डबा हातात. आणि धक्क्यावर पोचलीस तेव्हा माणसं टोप्या काढून उभी होती.

"डबा वेळेवर आला असता तर बाबा गोणीवर बसून जेवत असते, ताई. डबा नाही म्हणून ते परत कामाला उठले."

हे तू आजवर पोटात ठेवलंस. आणि मी तुला बोटींची वर्णनं लिहून पाठवत होते.

आता ऐक. मी शाळेत पहिली यायचे आणि युक्तिवादात मला कुणी हरवलेलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं दोन गाणी ऐकली म्हणून माणूस मरत नाही. दोर कुजलेला असला की मरतो. आई मला म्हणाली होती, माणसं आठवडाभर त्या दोराबद्दल ओरडत होती आणि धक्क्यावरचा मुकादम म्हणत होता, अजून चालेल. दोर त्यानं बदलला नाही, ल्युसिल. तू नाहीस. बाबा जेवत असते तर त्या दोराखाली दुसऱ्या कुणाचे बाबा असते, आणि त्याची पोरगी आज बाल्टिमोरमध्ये कार्डांवर तीन तीन शब्द लिहीत असती. मला कुणावर चिडायचं असेल तर मी त्या दोरावर चिडेन, त्या मुकादमावर, आणि त्या दोराच्या अलीकडे तुला उभं करणाऱ्या सगळ्या गावावर. त्या यादीत तुझं नाव बसत नाही. मी बसवू देणार नाही.

आणि आईला हे माहीत होतं असं म्हणालीस. तू तिला पहिल्याच रात्री सांगितलंस. तिनं पुढच्या ऑगस्टला भात केला, डबा भरला, तुझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चल. नेऊन दे." पायऱ्यांवर पाणी थांबेपर्यंत तुझ्याशेजारी बसली. तू डबा सोडलास आणि ती पाण्याकडे बघून म्हणाली, "उशीर झालाय, एझ्रा, पण गरम आहे."

दर वर्षी तेच. शेवटच्या वर्षी तिला पायऱ्या उतरवेनात, तरी वरून तेच म्हणाली.

मला आयुष्यभर वाटत होतं की तू लाडकी म्हणून ती तुला नेते. ती तुझ्याकडून डबा पोचवून घेत होती. दर वर्षी पुन्हा, तू पोचवलास असं तुला वाटेपर्यंत. म्हणून मला विचारलं नाही. मला काही पोचवायचं राहिलेलं नव्हतं.

तू डबा घेऊन गेलीस ते बरोबर केलंस. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, जपून ठेव.

पण बोट बदलणार नाही. तू फोनच्या शेवटी विचारलंस, अजूनही बोटच का? कारण पाणी त्याच वेळी थांबतं, बोट त्याच जागी उभी राहते, आणि कारण या वेळी फळीवर चढायला आपल्याला कुणी अडवू शकत नाही. तुझ्या नावाचं तिकीट माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. युला मेला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "मग मी माझं काढते. ल्युसिल मासा संपवणार नाही, मला माहीत आहे." त्या मुलीचं गाणं तुला आवडेल. तू तिच्याहून बरी गातेस, पण गायचं का नाही ते तू ठरव.

तेराला ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे, ती तुझ्यासाठी झाडलेली नाही, तशीही झाडायची होती. भात मी करीन. तुझा गिच्च होतो, आईनंही तेच म्हटलं असतं. मासा तू तळ. दोरी नवी आणली आहे, चांगली जाड, मी स्वतः ताणून बघितली. मिस्टर ग्रोव्हर पलीकडच्या बाजूला उभे राहतील.

डबा मी उचलणार नाही. तुझ्याशेजारी उभी राहीन, आई राहायची तशी. डबा तू न्यायचा आहे, ल्युसिल, आणि या वेळी वाटेत बोट बघत उभं राहायचं कारण नाही. आपण बोटीतच असू.

तुझी ताई,
बर्निस